व्यंकोजीला फिर्याद मांडू द्या

‘नाटक चांगलं आहे, पण आपल्या मातीत आणा.’ माझ्या भाषांतराचा कच्चा खर्डा वाचून एका नाट्यसंस्थेने गेल्या वर्षी हा अभिप्राय दिला. नाटक स्पॅनिश. व्हॅलेन्सियाच्या गियेन दे कास्त्रोचं, १६१८ साली छापलेलं ‘लास मोसेदादेस देल सिद’, म्हणजे सिदच्या तरुणपणच्या करामती. संस्थेच्या मंडळींना त्यातलं प्रेम आवडलं, वैर आवडलं, प्रेयसीच्या बापाला मारावं लागणारा नायक तर फारच आवडला. नको होता तो फक्त कॅस्टीलचा दरबार. एक पाटील करा, एक देशमुख करा, बांधाचा तंटा घाला, बोली जरा रांगडी ठेवा, असं त्यांनी सुचवलं. घराण्यांची वैरं शेवटी गावाकडचीच, नाही का?

तो अभिप्राय हाती आला तेव्हा मी तंजावरला होते. सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांची मराठी नाटकं आहेत, ती पाहायला गेले होते. चार दिवस या सूचनेचा राग आला. पाचव्या दिवशी वाटलं, मंडळी म्हणतात ते ऐकावंच. आपल्या मातीतलंच नाटक हवं ना? मग ते इथेच आहे, तंजावरात. प्रेम आहे, कर्तव्य आहे, घराण्याचं वैर आहे, नदी आहे, रात्र आहे, आणि सगळं समेटाला आणणारी एक बाईही आहे. पण हे नाटक आपण करणार नाही. का करणार नाही, तेवढंच मला सांगायचं आहे.

आधी कास्त्रोबद्दल. राजपुत्राचा शिक्षक कोणी व्हायचं यावरून भर दरबारात दोन सरदारांचं जुंपतं आणि लोसानो नावाचा मातब्बर सरदार म्हाताऱ्या दिएगो लाइनेसच्या थोबाडीत मारतो. म्हाताऱ्याला तलवार पेलत नाही. तो घरी येऊन मुलांची परीक्षा घेतो. धाकट्यांचे हात पिळतो, ते कळवळतात. थोरल्या रोद्रिगोचं बोट कडकडून चावतो. पोरगा संतापतो. बाप होता म्हणून वाचलास, या अर्थाचं काहीतरी बोलून जातो. म्हाताऱ्याला हवा असलेला मुलगा सापडतो. रोद्रिगोचं प्रेम लोसानोच्या मुलीवर, हिमेनावर आहे. तो लोसानोला मारतो.

पुढचा प्रवेश मी या कामात बहुधा पंचवीस वेळा लिहून खोडला असेल. राजासमोर एका दाराने हिमेना येते, हातात बापाच्या रक्ताने भिजलेला रुमाल. दुसऱ्या दाराने दिएगो लाइनेस येतो. जिथे थप्पड बसली त्या गालाला त्याने मारलेल्याचं रक्त फासलं आहे. रक्त एकाच माणसाचं. एकजण त्याच्यासाठी न्याय मागतो आहे, दुसरा म्हणतो आहे की हाच न्याय. राजा दोघांचं ऐकतो. प्रेक्षकाला दोघांचंही पटतं, आणि पटतं म्हणूनच तो अस्वस्थ होतो.

कास्त्रो यात खलनायक ठेवत नाही. लोसानो गर्विष्ठ आहे, पण तो पहिल्याच अंकात जातो. त्याच्यावर सगळं ढकलता येत नाही. हिमेना पुढे पुन:पुन्हा राजाकडे येते आणि जिच्यावर तिचा जीव आहे त्या माणसाचं डोकं मागते. तिला कोणी वेडी म्हणत नाही, घरभेदी म्हणत नाही. आणि रोद्रिगो कोण, तर स्पेनचा राष्ट्रपुरुष. १०९९ साली मेलेल्या या माणसाच्या अस्थी १९२१ मध्ये बुर्गोसच्या कॅथीड्रलमध्ये सन्मानाने ठेवल्या गेल्या. अशा पुरुषाविरुद्ध एक मुलगी राजापुढे उभी राहते, आणि नाटककार तिची बाजू लंगडी करत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: शोकांतिकेला दोन खऱ्या बाजू लागतात. आपण एकच खरी ठेवतो.

आपल्याकडे घराण्याच्या वैराचं नाटक नाही असं मुळीच नाही. उलट आपल्याकडे त्यासाठी जो शब्द आहे, तो स्पॅनिशमध्ये मला एका शब्दात सापडलेला नाही. भाऊबंदकी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली त्याच नावाचं नाटक रंगभूमीवर आणलं. नारायणराव पेशव्याचा खून, राघोबादादा, रामशास्त्री. नाटक जोरकस आहे. पण ते पाहून बाहेर पडणाऱ्या माणसाला दोषी कोण हा प्रश्न पडत नाही. आनंदीबाई पडद्यामागून येण्याआधीच त्याला उत्तर ठाऊक असतं. आपली भाऊबंदकी अशीच चालते. कोणीतरी कान भरलेले असतात, कोणीतरी कागदावरचं अक्षर बदललेलं असतं, आणि बहुतेक वेळा ती कोणीतरी बाई असते. ती सापडली की आपण सुटलो. भाऊ भावाच्या जिवावर का उठला, हा प्रश्न तिच्या पदराखाली झाकला जातो.

स्पॅनिश थप्पडेच्या जागी आपल्याकडे वाटणी असते, हाही फरक मी भाषांतर करताना शिकले. स्पॅनिशमध्ये ‘ओनोर’ आणि ‘ओन्रा’ असे दोन जुळे शब्द आहेत. एक माणसाच्या ठायी असतो, दुसरा लोकांच्या तोंडी. मी पहिल्यासाठी मान आणि दुसऱ्यासाठी अब्रू घेतला, तरी काहीतरी निसटत राहिलं. मग ध्यानात आलं, कास्त्रोच्या पात्रांचं जे गालावर असतं ते आपल्या पात्रांचं वतनात असतं. वाटा मिळाला नाही म्हणजे नुसतं उत्पन्न बुडत नाही. बापाचा मुलगा म्हणून आपली गणती झाली नाही, हे दुखतं.

आता तंजावर. सन १६७७.

शहाजीराजे १६६४ साली होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून गेले. बालपणीचा थोडा काळ सोडला तर थोरला शिवाजी आईबरोबर पुण्याकडे वाढला. तुकाबाईंचा मुलगा व्यंकोजी वडिलांपाशी, बंगळूरच्या जहागिरीत वाढला. ती जहागीर त्याच्याकडे राहिली. तो आदिलशाहीचा सरदार होता, जसे वडील होते. १६७५-७६च्या सुमारास आदिलशाहीच्या कामगिरीवर तो कावेरीच्या मुलखात उतरला आणि नायकांचं तंजावर स्वतःचं करून बसला. दरम्यान थोरल्या भावाचा राज्याभिषेक झाला होता.

१६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर आले. कुतुबशहाशी करार झाला, जिंजी घेतली. जुलैत कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडीला भावाची भेट झाली. काही दिवस एकत्र गेले. थोरल्याने वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला. धाकट्याने होकार दिला नाही, नकारही दिला नाही, आणि एका रात्री तो नदी ओलांडून तंजावरला निघून गेला.

मराठीत ही रात्र आपण नेहमी एकाच स्वरात सांगतो: भित्रा भाऊ पळाला. मी शाळेत तशीच शिकले. तुम्हीही तशीच शिकला असाल. पण ती दुसऱ्या दाराने आत येऊ द्या. ज्याने थोरल्या भावाचा सहवास जेमतेम अनुभवला, ज्याने बापाची चाकरीची रीत सांभाळली, ज्याने शेवटचं राज्य स्वतःच्या तलवारीने मिळवलं, त्याच्याकडे भाऊ फौजेसह येतो आणि वाटणी मागतो. त्या तंबूत त्याला झोप कशी लागावी? आणि पहिल्या दाराने थोरल्याला येऊ द्या. वडिलांच्या दौलतीवर त्याचा हक्क आहे. शिवाय त्याने जे उभं केलं आहे त्यात विजापूरच्या चाकरीला जागा नाही. सख्खा नसला तरी आपलाच भाऊ ती चाकरी करतो, हे त्याला कसं सोसावं? दोघंही बरोबर आहेत. दोघंही शहाजीचे मुलगे आहेत. रक्त एकाच माणसाचं.

पुढे तर इतिहासाने नाटककाराचं कामच करून ठेवलं आहे. महाराज परत फिरले. मागे राहिलेल्यांत संताजी भोसले होते, म्हणजे शहाजीराजांचाच आणखी एक मुलगा. नोव्हेंबरमध्ये वालिकंडपुरमजवळ व्यंकोजी आणि संताजी लढले. दिवसा व्यंकोजीची सरशी झाली, रात्री संताजीने छापा घालून पारडं फिरवलं. त्या फौजांतला दुवा होता रघुनाथपंत हणमंते, आधी व्यंकोजीचा कारभारी, मग न पटून थोरल्या भावाकडे गेलेला. आणि तह घडवून आणण्याचं श्रेय परंपरेने दिलं ते व्यंकोजीच्या पत्नीला, दीपाबाईला. एकोणीस कलमं झाली. तंजावर व्यंकोजीकडे राहिलं. बंगळूर, होसकोटे, शिरे हा मुलूख महाराजांनी दीपाबाईला चोळी-बांगडीसाठी दिला.

चोळी-बांगडी. भाऊबंदकीच्या सबंध भाषेत याच्याइतका नाजूक शब्द मला ठाऊक नाही. जे भावाला वाटा म्हणून देता येत नव्हतं, आणि भावाला दान म्हणून घेता येत नव्हतं, ते वहिनीच्या ओटीत घातलं की दोघांचाही मान राहिला. दीपाबाईने आणि तिच्या दिराने मिळून वाटणीला आहेर केलं. जिथे नेहमी आनंदीबाई उभी करतात, तिथे इतिहासाने दीपाबाई उभी केली. आपल्या रंगभूमीला मात्र आनंदीबाईच आठवत राहिली.

तरीही इथे गोड शेवट नाही. तहानंतर व्यंकोजी खचला. राज्यकारभारातून मन काढून बसला. हे कळल्यावर थोरल्या भावाने त्याला पत्र लिहिलं, की वैराग्याला म्हातारपण आहे, आता पराक्रमाचे दिवस, उठ आणि कामाला लाग. ते पत्र समजुतीचं आहे आणि रागाचंही. तंजावर सोडलं नाही, पण आपण जिंकलो असंही व्यंकोजीला वाटलं नाही. पत्र लिहिणारा एप्रिल १६८० मध्ये गेला. दोघं भाऊ पुन्हा भेटले नाहीत.

सांगा, पाटील आणि देशमुख कशाला हवेत?

इथे मी एक गोष्ट मान्य करते. तंजावरच्या भोसल्यांनीही हे नाटक लिहिलं नाही. दीपाबाईचा मुलगा शहाजी १६८४ मध्ये गादीवर आला. तो स्वतः नाटककार होता. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्याचं मराठी नाटक सांगलीच्या १८४३च्या ‘सीतास्वयंवरा’आधी दीडशे वर्षांचं; तरी आपला रंगभूमी दिन पाच नोव्हेंबरचाच, आणि तंजावर प्रस्तावनेतल्या एका परिच्छेदात. पण त्या नाटकाचं नाव पाहा: कल्याण, म्हणजे लग्न. तंजावरच्या मराठी नाटकांत कल्याणं आणि परिणय पुष्कळ. देवांची लग्नं लागत राहिली आणि घरातलं वैर रंगमंचावर आलं नाही. ज्या मुलाच्या घरात काका आणि बाप लढले, त्याने लग्नाची नाटकं लिहावीत, यात मला दोष दिसत नाही. राजवाड्यात प्रेक्षक कोण होते, हे आपण विसरू नये.

पण त्याच राजांकडून भाषांतराबद्दल एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शहाजीने ‘पंचभाषाविलास’ लिहिलं. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी, अशा पाच भाषा एका नाटकात. दुसऱ्या सरफोजीने कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार घेऊन मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली आणि भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडून जगाचा भूगोल वदवला. त्याला कोणी म्हटलं नाही की कुरवंजीची आधी कोल्हाटीण करा. परकी गोष्ट परकीच राहू द्यायची आणि आपली भाषा तिच्यापर्यंत न्यायची, एवढा आत्मविश्वास त्या मराठीत होता. ती मराठी भोवती तमिळ ऐकत होती, कचेरीत मोडी लिहीत होती, दरबारात तेलुगू पदं गात होती. तिला ‘आपली माती’ दाखवावी लागत नव्हती.

रूपांतराविरुद्ध माझी तक्रार नाही. लोर्काच्या ‘येर्मा’ची मराठीत ‘चांगुणा’ झाली, ते मोलाचं काम होतं. तक्रार आहे ती पळवाट म्हणून केलेल्या रूपांतराविरुद्ध. ‘गावाकडचं करा’ याचा अर्थ मला असा ऐकू येतो: वैर, अब्रू, मुलीचं प्रेम आणि त्यासाठी वाहिलेलं रक्त हे त्यांचं असू द्या, आपण खुर्चीत बसून पाहू. २०१४ साली नगर जिल्ह्यात खर्ड्याला आणि २०१६ साली तमिळनाडूत उडुमलपेटच्या बसस्थानकाजवळ भर दिवसा ज्या तरुणांना जातीच्या अब्रूसाठी मारलं, ते मारणाऱ्यांना रांगडी बोली होती म्हणून घडलं नाही. अब्रूचं व्याकरण शहरी मराठीतही तेच आहे. फक्त तिथे ते लग्नाच्या जाहिरातीत लिहितात.

आता खरा आक्षेप. मित्र खासगीत सांगतात, ‘महाराजांच्या घरातलं भांडण? तेही व्यंकोजीच्या बाजूने? कशाला विषाची परीक्षा.’ हा आक्षेप सभ्य आहे, काळजीपोटी आहे, आणि मला तो मुळीच मान्य नाही.

एक तर मी व्यंकोजीच्या बाजूने नाटक मागत नाही. दोन दारं मागते आहे. दुसरं, प्रेक्षक हे सोसणार नाही हे खोटं आहे. वसंत कानेटकरांनी १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिलं. त्यात महाराज आणि संभाजीराजे, बाप आणि मुलगा, समोरासमोर उभे राहिले, आणि महाराष्ट्राने ते नाटक डोक्यावर घेतलं. महाराज त्यामुळे लहान झाले नाहीत. घराघरातल्या बापांना ते पहिल्यांदा जवळचे वाटले. साठ वर्षांपूर्वी जो प्रेक्षक तयार होता, तो आज नाही असं म्हणणारे प्रेक्षकाला घाबरत नाहीत, आणखी कोणाला तरी घाबरतात. त्यांनी तसं सांगावं. प्रेक्षकाच्या माथी मारू नये.

आणि तिसरं, असा गदारोळ जुनाच आहे. कास्त्रोच्या नाटकावरून कॉर्नेयने १६३७ साली फ्रेंचमध्ये ‘ल सिद’ केलं. पॅरिसचे प्रेक्षक वेडे झाले आणि विद्वान संतापले. रिश्लियच्या पाठबळाने नव्या फ्रेंच अकादमीने त्या नाटकाची झाडाझडती घेतली. मुख्य आक्षेप काय, तर बापाच्या मारेकऱ्यावर प्रेम करत राहणारी मुलगी अशोभनीय आहे. म्हणजे तिथेही शेवटी बाईच सापडली. आज अकादमीचा तो अभिप्राय फक्त अभ्यासक वाचतात, आणि नाटक अजून लागतं.

हेही सांगते की कास्त्रोचं नाटक लग्नावर संपतं, तंजावरच्या कल्याणांसारखंच. हिमेना जाहीर करते, रोद्रिगोचं डोकं आणील त्याच्याशी लग्न करीन. रोद्रिगो स्वतःच येतो, स्वतःचं डोकं धडावर घेऊन. प्रेक्षक हसतो. पण त्या मांडवात बापाच्या रक्ताचा रुमाल कुठेतरी आहेच. म्हणून मी तिला शोकांतिका म्हणते, भले पंडितांनी दुसरा खण ठरवला असेल. तहावर संपलेली तंजावरची गोष्टही याच खणात बसते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी राजवाड्याजवळ राहणाऱ्या एका काकांकडे जेवायला गेले होते. बँकेतून निवृत्त झालेले, घरात मराठी बोलणारे. ती मराठी पुण्याच्या कानाला जुनी वाटते, तमिळच्या चालीवर चालते. देवनागरी ते अडखळत वाचतात. त्यांना मी कास्त्रोची गोष्ट सांगितली. थप्पड, बोट चावणं, रुमाल. त्यांनी एकच विचारलं, ‘ती राजापुढे गेली तर राजाने तिला बोलू दिलं?’ मी म्हटलं, दिलं. त्यांनी ताक वाढलं. मग म्हणाले की महाराष्ट्रातून पाहुणे येतात, देवळातला लेख पाहतात, फोटो काढतात, आणि परतताना न चुकता विचारतात, तुमचे राजे ते पळाले होते तेच ना?

त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि तेच मला लागलं. साडेतीनशे वर्षं मराठी सांभाळलेल्या माणसाला मराठी माणूस भेटतो आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या पूर्वजाची एकच रात्र त्याच्या पदरात टाकतो. त्या घराण्याने १८०३ साली स्वतःचा इतिहास राजराज चोळाच्या देवळावर दगडात का कोरला असेल, हे मला त्या पंगतीत कळलं. ज्याला नाटकात दार मिळत नाही, तो भिंत शोधतो.

तर संस्थेला माझं उत्तर हे. माझं भाषांतर कॅस्टीलमध्येच राहील. थप्पड तिथल्याच गालावर बसेल, आणि हिमेना मराठीत बोलेल, पण ती हिमेनाच असेल. आपल्या मातीतलं हवं असेल तर कोणीतरी लेखक पाठवा तंजावरला. मी भाषांतर करते, ते नाटक लिहिणं मला जमणारं नाही. लेखकाला वाटेत तिरुमळवाडीला उतरायला सांगा, नदी पाहू द्या. मग त्याने पहिला प्रवेश लिहावा. मंच रिकामा, दोन दारं. एका दाराने शिवाजी, दुसऱ्या दाराने व्यंकोजी. मध्ये राजा नाही, कारण दोघंही राजे आहेत. ऐकायला बसली आहे दीपाबाई, आणि आपण.